ब्लाउजचं माप आहे तेच दे

अगं, वजन उतरवायला मौंजारोचं इंजेक्शन घ्यायचं मनात आलं आणि आधी मला विचारलंस, हे फार बरं केलंस. आईसमोर हे बोलता येणार नाही, म्हणून सगळं इथेच लिहिते.

औषध खोटं नाही. जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-1 नावाचं संप्रेरक पाझरतं आणि मेंदूला कळवतं, पोट भरलं. मौंजारोतलं टिर्झेपटाइड त्याची आणि आणखी एका संप्रेरकाची नक्कल करतं. आपल्या वहिनी लोणी स्टेशनच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतातच की. दर रविवारी फ्रीजमधून डबी काढतात, पोटाची चिमूट धरून टोचतात आणि पुढचे दोन दिवस मळमळीने ताकभातावर काढतात. पण त्यांचं वजन 96 आणि जोडीला शुगर. हे औषध 30 च्या वर बीएमआय असेल, किंवा 27 च्या वर असून शुगर-बीपी असेल, अशांसाठी आहे. तुझी उंची 160 सेंटिमीटर, वजन 66. बीएमआय 26 सुद्धा भरत नाही गं!

मला खरी काळजी वेगळीच आहे. पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांची जोडी 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात गाजली. दोघांचाही बीएमआय 22.3, पण चरबी युडकिनांच्या अंगात 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2! आपली शरीरं अशीच, दिसायला बेताची, आत चरबी जास्त आणि स्नायू कमी. या इंजेक्शनने वजन उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात. भूकच मेली की तू चहा-बिस्किटावर दिवस काढशील, मला माहीत आहे तुझं. मग आधीच कमी असलेले स्नायूही जाणार. सेमाग्लुटाइड हे याच जातीचं दुसरं औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन परत आल्याचं अभ्यासात दिसलंय. ते परत येतं तेव्हा बरीचशी चरबीच येते.

जिममधला कुणी स्वस्तात आणून देतो म्हणाला तर अजिबात घेऊ नकोस. ते 2 ते 8 अंशांत राहिलं होतं की उन्हात गाडीच्या डिकीत, तुला कसं कळणार?

आणखी एक, लग्न ठरलंय म्हणून सांगते. टिर्झेपटाइडने गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी होऊ शकतो. सुरू केल्यावर आणि दर वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे दुसरी काळजी घ्यावी लागते. दिवस राहिले असतील तर हे औषध चालतच नाही. दुकानदार हे सांगत बसत नाही.

पाळी लांबते म्हणालीस ना, मग आधी थायरॉइड आणि तीन महिन्यांची शुगर तपासू. शनिवारी मी येते बरोबर. तोवर रोज दोन अंडी किंवा वाटीभर मटकीची उसळ पोटात जाऊ दे. आणि शिंप्याला ब्लाउजचं माप आत्ता आहे तेच दे.