भूगोलाचा पाठ : दोन बेटे
(इयत्ता पाचवी ते सातवीकरिता)

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यावर, विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे १७ अंशांवर केर्न्स हे बंदर आहे. महाराष्ट्राप्रमाणेच हा प्रदेश उष्ण कटिबंधात मोडतो. परंतु दक्षिण गोलार्धामुळे तेथे पावसाळा साधारणतः डिसेंबर ते मार्च असतो. शिक्षकांनी प्रथम हे पृथ्वीगोलावर दाखवावे.

केर्न्सहून बोटीने ज्या बेटांवर जाता येते, त्यांपैकी दोहोंची तुलना करावी. दोन्हींवर राष्ट्रीय उद्याने आहेत. फिट्झरॉय हा पूर्वी मुख्य भूमीचाच डोंगर होता. हिमयुगानंतर समुद्र चढला व माथा तेवढा वर राहिला. ग्रीन बेट मात्र सखल असून प्रवाळांच्या चुऱ्यापासून झालेल्या वाळूचे बनले आहे.

प्रवाळ हा दगड नसून प्राणी आहे, हे मुलांच्या मनावर ठसवावे. त्याच्या देहातील सूक्ष्म शैवाल त्यास अन्न व रंग पुरविते. समुद्र फार काळ तापल्यास शैवाल निघून जाते व प्रवाळ पांढरा पडतो. पाणी वेळीच निवले तर तो सावरतो, एरवी मरतो. सुमारे २३०० किलोमीटर लांबीच्या तेथील प्रवाळरांगेवर २०१६ व २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे ही आपत्ती आली. मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत, हे सांगावे.

प्रयोग : परातीत एक दगड व वाळूचा ढीग ठेवून पाणी ओतावे व हाताने लाटा कराव्यात.

प्रश्न : प्रवाळ मेल्यास कोणत्या बेटास अधिक धोका, व का?