गिअरवाली सायकल विकताय? कार्टनपासून ग्राहकाच्या दारापर्यंतचा हिशोब

व्हिडिओत आकडे भराभर सांगितले, म्हणून इथे सावकाश लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा. तुमचं दुकान जळगावात असो, धुळ्यात असो की चोपडा-शिरपूरला, हिशोब सारखाच आहे.

1. आधी ग्राहक ओळखा

जाड टायर आणि पुढे शॉकअप दिसला की आपल्याकडे सगळेच 'एमटीबी' म्हणतात. पण कॉलेजला जाणारा पोरगा, शेतावर जाणारा भाऊ आणि रविवारी लळिंग किंवा पालच्या सातपुड्याकडे जाणारा ग्रुप, ही तीन वेगळी गिऱ्हाइकं आहेत. पहिल्या दोघांना साधा चिमटा आणि सिंगल स्पीड पुरतं. स्वस्त शॉकअप वजन वाढवतो आणि पायडलची ताकद खातो. गिअर आणि डिस्क ब्रेकची खरी गरज तिसऱ्याला. पहिल्याला जास्तीची सायकल गळ्यात मारली तर गिअर बिघडल्यावर तो तुमच्याच दारात येऊन भांडणार.

साइज मात्र तिघांचाही तपासा. फ्रेमच्या वर पाय फाकवून उभं करा. दांडी आणि अंग यात किमान दोन इंच अंतर पाहिजे. 'पोरगा वाढेल, मोठीच द्या' असं वडील म्हणतील, तेव्हा नम्रपणे नाही म्हणा. ब्रेक मारून पाय टेकला नाही तर पोरगं पडतं.

2. माल मागवताना

लुधियाना किंवा मुंबई-पुण्याहून सायकल अर्धवट जोडलेली, कार्टनमध्ये येते. कार्टन उभंच ठेवायला सांगा. आडवं ठेवून वर माल रचला की डिस्कची पाटी किंवा डिरेलरचा हँगर वाकतो. खोका फाटलेला दिसला तर बिल्टीच्या पोचपावतीवर तिथल्या तिथे लिहा आणि फोटो काढा. सही करून माल घरात घेतल्यावर कोणी ऐकत नाही.

जोडणी करताना डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे नव्या पोराला शिकवा. जबरदस्तीने फिरवलं की क्रँक गेला. चाकं ट्रू करा, हेडसेट तपासा, ब्रेक स्वतः दाबून बघा. डिस्कला ग्रीस किंवा तेलाचा हात लागू देऊ नका, ब्रेक धरत नाही.

3. आता पैसे

समजा सायकल 9,000 रुपयांना पडली (जीएसटी वगळून). भाडं 250, जोडणी 200. म्हणजे पडतळ 9,450. विक्री 11,000. नफा दिसतो 1,550.

आता बघा:
- मडगार्ड, स्टॅन्ड, लॉक फुकट दिलं : 600
- तीन फ्री सर्व्हिसिंग, प्रत्येकी 100 : 300

हातात उरले 650. त्यातच दुकानभाडं, लाइटबिल आणि उधारी. म्हणून ॲक्सेसरीज 'फुकट' नको, 'पॅक' करून विका. 22 सप्टेंबर 2025 पासून सायकल आणि तिच्या भागांवर 12 ऐवजी 5 टक्के जीएसटी आहे, तो फायदा बिलात दाखवा. तुम्ही कंपोझिशनमध्ये असाल तर खरेदीवरचा जीएसटी परत मिळत नाही, तो पडतळीतच धरा.

4. खान्देशचा पॅक

आपल्याकडे बाभळीचे काटे आणि काळी माती. म्हणून पॅकमध्ये पंक्चर किट, जादा ट्यूब, छोटा पंप आणि टायर लिव्हर ठेवा. पावसाळ्यात ओली काळी माती मडगार्ड आणि टायरमध्ये बसून चाक जाम करते, म्हणून मडगार्ड मोकळं, अंतर असलेलं द्या. मागे लाल लाइट आणि रिफ्लेक्टर पाहिजेतच. हायवेवर ट्रकवाल्याला तेवढंच दिसतं. हेल्मेट काउंटरवर ठेवा, कपाटात नको.

हवा किती, ते टायरच्या कडेला छापलेलं असतं. गिऱ्हाइकाला ते वाचायला शिकवा.

5. घरी नेताना

गाडीत न्यायची असेल तर पुढचं चाक काढा, चिमट्यात लाकडाचा तुकडा अडकवा आणि डिरेलरची बाजू वर ठेवा. हायड्रॉलिक ब्रेक असेल तर चाक काढल्यावर लिव्हर दाबू नका, पॅड आत चिकटतात. कारच्या मागे रॅकवर बांधली तर नंबर प्लेट आणि लाइट झाकला जाऊ नये. रेल्वेने पाठवायची तर पार्सल ऑफिसात बुक करा आणि नाव-स्टेशनचं लेबल फ्रेमला घट्ट बांधा.

उन्हाळ्यात बंद गाडीत फुल्ल हवा भरून सायकल ठेवू नका. जळगावचं ऊन माणसाला सोडत नाही, ट्यूबला काय सोडणार?

या आठवड्याचा गृहपाठ: मागच्या पाच सायकलींची बिलं काढा आणि वरच्या पद्धतीने प्रत्येकीत हातात किती उरले ते लिहा. 500 च्या खाली गेलेली सायकल शोधा. भाव वाढवायचा, की फुकट वाटणं थांबवायचं, ते तीच सांगेल.

भेटू पुढच्या धड्यात!