मागची एक सीट रिकामी ठेव

नाशिक

चि. बाळास,


तू पाठवलेली यादी दोनदा वाचली. नऊ दिवसांत आठ गावं, शिवाय मांडू, महेश्वर, ओंकारेश्वर आणि उज्जैन. नवी गाडी घेतल्यावर पहिल्याच मे महिन्यात तुला आपली माणसं भेटावीशी वाटली, याचा मला फार आनंद झाला. म्हणूनच स्पष्ट लिहिते: यादीतली निम्मी नावं खोड.

माणसं पहिल्या तासात बोलत नाहीत. तो तास पाणी, चहा, रस्ता कसा होता, किती वाळलास, यात जातो. मग जेवणाची गडबड. रात्री गच्चीवर गाद्या पडल्या की, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी घर अजून जागं व्हायचं असताना पहिल्या चहाला, म्हातारी माणसं मनातलं काढतात. दुपारी पोचून चारला निघालास तर तुला पाहिल्याचं समाधान त्यांना मिळेल, तुझ्या हाती मात्र काही लागणार नाही. तेव्हा प्रत्येक घरी निदान एक रात्र आणि एक सकाळ. जिथे एवढं जमणार नाही ते घर यंदा नको. तसं फोन करून मोकळेपणाने सांग.

घरं निवडताना कोण रागावेल याचा विचार करू नकोस. कोण एकटं आहे, कोण थकलंय, ते बघ. तुझी चुलत-मामेभावंडं धडधाकट आहेत, ती पुण्यालाही येतील. देवळं आणि किल्ले पुढच्या हिवाळ्यात पाहता येतात, आणि मांडू तर पावसाळ्यातच पाहावा. माझ्या मते धुळे, इंदूर, देवास, दाहोद आणि बडोदं ठेव. माझ्याकडे जाताना थांबू नकोस, येताना ये.

उन्हाचं आधी सांगते, कारण मुलगी बरोबर आहे. खानदेश आणि निमाडात मे महिन्यात पारा ४४-४५ पर्यंत जातो. २५ मेच्या सुमाराला सूर्य रोहिणीत गेला की तिकडे नौतपा, म्हणजे उन्हाचा कडाका, सुरू होतो. त्याआधी तुम्ही परत आलेले बरे. घरून पहाटे साडेचारला निघ, पुढे रोज सकाळचा चहा झाला की निघ आणि दुपारच्या आत मुक्कामी पोच. दोन ते चार गाडी चालवूच नकोस. ऊन आणि जेवण मिळून डोळा लागतो. टायरमधली हवा सकाळी गाडी थंड असताना तपासायची आणि दाराच्या चौकटीवर चिकटवलेला आकडा पाळायचा. ऊन आहे म्हणून हवा कमी ठेवा, असं पंपावर कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. कमी हवेचा टायरच जास्त तापतो आणि फुटतो. शिरपूर सोडल्यावर बिजासन घाट आणि नर्मदा ओलांडल्यावर मानपूरचा घाट, दोन्ही तुला चढायचे आहेत. काटा वर सरकला तर एसी बंद करून सावलीत थांब आणि इंजिन निवेपर्यंत रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नकोस.

आपली माणसं एवढ्या लांब का पांगली, हे मुलीला या रस्त्यावरच सांगता येईल. नाशिकहून धुळ्याला जाताना मालेगाव लागतं. त्याच्या जवळच्या कवळाणे गावचा गोपाळ नावाचा शेतकऱ्याचा मुलगा १८७५ साली बारा वर्षांचा असताना बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव गायकवाड झाला. त्याच्याही शेदीडशे वर्षं आधी होळकर, शिंदे, पवार, गायकवाड असे सरदार उत्तरेला गेले, आणि त्यांच्या मागून कारकून, भटजी, शिलेदार, वैद्य, शिक्षक गेले. आपले पणजोबा त्यातल्याच एका कारकुनाचे वंशज. तुझ्या यादीतली इंदूर, देवास आणि बडोदं ही तिन्ही गावं त्या जुन्या मराठी राजधान्या आहेत. हे माहीत असलं की बडोद्यात दांडिया बाजारात मराठी पाटी दिसल्यावर मुलीला नवल वाटणार नाही, ओळख वाटेल.

धुळ्याला काकूंकडे पत्र्याची ट्रंक आहे. तीत मोडीतले कागद आहेत. ते घेऊन येऊ नकोस, मागूही नकोस. समोर बसून एकेक उलगड, त्यांच्यादेखत फोटो काढ आणि होते तसे परत बांध. वाचायला कुणी हवं असेल तर राजवाडे संशोधन मंडळ त्याच गावात आहे. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यातच गेले आणि पुढच्या वर्षी त्यांच्या नावाने ते मंडळ उभं राहिलं. आयुष्यभर गावोगाव फिरून त्या माणसाने अशाच ट्रंका उघडल्या.

आता इंदूर. खरं म्हणजे या एका घरासाठीच मी पत्र लिहायला बसले.

मामी २०२१ च्या एप्रिलमध्ये गेली, तेव्हा आपल्यातलं कुणीच पोचू शकलं नाही. तुझ्या बाबांनी आणि मी तिचं शेवटचं दर्शन मोबाइलवर घेतलं. दहावं-तेरावं नानामामा आणि त्यांच्या मुलानेच केलं. नंतर करोनाचे निर्बंध उठले, लग्नंकार्यं सुरू झाली, पण भेटायला जाण्याची वेळ टळून गेली असं प्रत्येकाला वाटलं. आता कुठल्या तोंडाने जायचं, या विचाराने तू रामबागेतल्या घरी गेला नाहीस, हे मला माहीत आहे. अशी अडलेली माणसं आपल्या घरात तू एकटाच नाहीस. लाखो घरांत त्या दोन वर्षांचं सुतक अजून फिटलेलं नाही.

तू जा. गेल्यावर का येता आलं नाही, हे सांगत बसू नकोस. नानांना ते ठाऊक आहे, आणि तू कारणं द्यायला लागलास की तुझं समाधान करण्याचं काम त्यांच्यावर पडेल. आत गेल्यावर आधी मामीच्या फोटोला नमस्कार कर. मग तुला आठवतं ते बोल. तुला गोवर आला होता तेव्हा तिने रात्र-रात्र कडुलिंबाच्या डहाळीने वारा घातला, ते. सकाळच्या पोह्यांवर तुला जीरावन जास्त लागायचं म्हणून ती वेगळी पुडी ठेवायची, ते. गेलेल्या माणसाचं नाव आपण काढलं तर घरच्यांना त्रास होईल, असं समजून पाहुणे गप्प बसतात. मी पाहिलंय, त्रास त्या गप्प बसण्यानेच होतो. नाना रडले तर रडू दे. विषय बदलू नकोस, मुलीला बाहेर पाठवू नकोस. तिनेही पाहावं.

नानांची दुपार कूलरसमोर जाते आणि त्या कूलरचं गवत बहुतेक दोन उन्हाळे बदललेलं नाही. तेवढं आणून बसव, पंप तपासून घे. त्यांच्या हातात पैसे ठेवशील तर ते घेणार नाहीत, मुलाला अवघडल्यासारखं होईल. कूलरला कुणी नाही म्हणत नाही. दुसऱ्या घरांतही असंच काहीतरी दिसेल: गळका नळ, बटण दबत नसलेला फोन, लांबलेली डोळ्यांची तपासणी. विचारू नकोस, करून टाक.

इंदूरला दोन रात्री राहा. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी लवकर नानांना गाडीत बसवून देवासला ने.

यासाठीच म्हणते, निघताना मागची एक सीट रिकामी ठेव. सामान डिकीत मावेल एवढंच घे. देवासच्या माई म्हणजे मामीची धाकटी बहीण. इंदूरपासून देवास चाळीस किलोमीटरही नाही. तरी बहीण गेली तेव्हा माईंना येता आलं नाही, आणि नंतर नानांना एखाद्या लग्नाच्या पंगतीत भेटल्या असतील तेवढ्याच. नानांना आता बस चढवत नाही, माईंचे गुडघे धरलेत, आणि मुलांना सुट्टी मिळत नाही. दोन म्हातारी माणसं एकाच माणसासाठी झुरताहेत आणि मधल्या चाळीस किलोमीटरना कुणी हात घालत नाही. तुझ्याकडे गाडी आहे. नऊ दिवसांत दुसरं काही जमलं नाही तरी चालेल, हे एक कर. तिथे पोचलास की सूनबाई, मुलगी आणि तू टेकडीवर तुळजाभवानी आणि चामुंडेच्या दर्शनाला जा आणि त्या दोघांना एकटं बोलू दे.

रात्री माईंकडेच थांबा. माळव्यातली रात्र मे महिन्यातही गार होते. माईंना कुमार गंधर्वांबद्दल विचार. ते १९४८ साली क्षयाने खंगलेले असे देवासला आले, कोरडी हवा मानवेल म्हणून. वर्षानुवर्षं गाणं बंद होतं, आणि त्या पडून राहण्याच्या काळात माळव्यातल्या बायकांची गाणी त्यांच्या कानावर पडत राहिली. माईंनी त्यांना पुष्कळ ऐकलंय. 'जुन्या आठवणी सांगा' असं म्हणू नकोस, त्याने माणूस गोंधळतो. नेमकं विचार. गाणं कुणाच्या अंगणात असायचं, सतरंजी कोण घालायचं, तुम्हाला घरून सोडायचे का. आवाज रेकॉर्ड करायचा असेल तर आधी विचारून घे, फोन उघडपणे समोर ठेव. जुना अल्बम निघालाच तर प्रत्येक फोटोमागे पेन्सिलने नावं लिहून घे. ती नावं सांगू शकणारं दुसरं कुणी आता उरलं नाही.

एक नाजूक गोष्ट. इंदूर आणि बडोद्याच्या घरांत जागेवरून जे झालं, ते तुझ्या कानावर दोन्हीकडे पडेल. शांतपणे ऐक. बाजू घेऊ नकोस, आणि इथलं वाक्य तिथे नेऊ नकोस, चांगल्या हेतूनेही. घरोघर फिरणाऱ्या पाहुण्याच्या तोंडून गेलेला शब्द वाटेत वाढतो. निरोप द्यायचाच असेल तर तब्येतीचा आणि खुशालीचा दे.

दाहोदला बाबांचे मित्र राहतात, रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. नानांना घरी सोडलंस की इंदूरहून धार, झाबुआमार्गे सुमारे सव्वादोनशे किलोमीटर. भिल्लांच्या मुलखात या दिवसांत लग्नं असतात, टपापर्यंत भरलेल्या जीपा समोरून येतात. तिथे वेग आवर. एक रात्र राहण्याचा माझा नियम या घरी मोड. तिथल्या काकूंना अंथरुणावरून उठवत नाही, सगळं काकांनाच करावं लागतं. तुम्ही लॉजवर उतरा, तिकडे संध्याकाळी दोन तास बसा, जेवण बाहेरून घेऊन जा आणि नऊच्या आत निघा. बाबांना व्हिडिओ कॉल लावून दोघांना बोलू दे आणि तू काकूंजवळ जाऊन बस. काकांकडे सगळे येतात, काकूंजवळ कुणी बसत नाही.

बडोद्याला अप्पांकडे मोठं घर, मोठं माणूस, तुमची बडदास्त राहील. तिथे मला सांगण्यासारखं थोडं आहे. मुलीला सयाजीबागेत नेशील, तेव्हा माकडं बघून झाल्यावर तिला एका झाडाखाली बसव. ज्या सयाजीरावांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, त्यांच्याच शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबियाला शिकायला गेले. १९१७ साली ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्या गावात त्यांना राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत उतरले होते, जात कळल्यावर लोक काठ्या घेऊन आले आणि त्यांना बाहेर काढलं. ते याच बागेत येऊन बसले. आपण या नऊ दिवसांत जिथे जिथे जाऊ तिथे दार उघडून माणूस हसत उभा असणार आहे. हे सगळ्यांच्या वाट्याला आलेलं नव्हतं, आणि ते ज्यांनी नाकारलं त्यांत आपल्यासारखी घरंही होती. मुलगी आठ वर्षांची आहे, तिला कळेल.

न्यायचं काय, असं सूनबाईने विचारलंय. हापूसच्या पेट्या न्या, पण कच्च्या आणि गवतात. पिकलेला आंबा बंद डिकीत उन्हाने वाया जातो. मुक्कामी पोचल्यावर पेट्या आधी उतरवा. आमसुलं आणि मेतकूट सगळीकडे हवं असतं. प्रत्येक घरी आदल्या दिवशी फोन करून पोचण्याची वेळ सांगा आणि भाजी-भाकरीच करा म्हणून बजावा. तरी लोक पक्वान्न करतील; मग पोटभर खा.

परतताना भरूचला पुन्हा नर्मदा लागेल आणि कामरेजला तापी. जाताना तापी सावळद्याच्या पुलावर आणि नर्मदा खलघाटला ओलांडलेली असेल. मुलीला दोन्हीकडे पात्राची रुंदी बघायला लाव. समुद्र जवळ आला की नदी काय होते ते तिला पुस्तकाशिवाय कळेल. पुढे चिखली, वघई, सापुतारा, वणी. सापुताऱ्याला शनिवार-रविवारी गर्दी मरणाची, म्हणून आठवड्याच्या मधल्या दिवशी ये आणि दिवसाउजेडी घाट चढ.

माझ्याकडे दोन रात्री राहायचं. माई आणि नाना काय बोलले ते मला विचारायचं नाही, पण ते एकमेकांना भेटले तेव्हा कसे दिसले, ते तुझ्या तोंडून ऐकायचं आहे. नानांना मी अजून काही सांगितलेलं नाही. माईंना मात्र विचारलंय. त्या म्हणाल्या, मंगळवार सोडून कधीही आणा. तेव्हा इंदूरची तारीख ठरली की आधी मला कळव.

सूनबाईला आणि मुलीला आशीर्वाद. दादाला म्हणावं, औषध चुकवू नकोस.

तुझी
आत्या