पाच जणांची मुंबई

कऱ्हाडास कृष्णा आणि कोयना या दोन नद्या समोरासमोरून येऊन एकमेकींना मिळतात. त्या प्रीतिसंगमाच्या घाटावर डिसेंबरच्या आरंभी, एका संध्याकाळी, एक कुटुंब बसले होते. अण्णांचे गावात खते-बियाण्यांचे दुकान होते. त्यांच्याजवळ आई होत्या आणि पायऱ्यांवर तिघे भावंडे बसली होती. ताईचे वय एकवीस वर्षांचे. ती वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षात शिकत होती. दादा सतरा वर्षांचा, बारावीत. धाकटीला नुकतेच बारावे लागले होते.

येत्या सुट्टीत मुंबईस जावयाचे ठरले होते. शनिवारी रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघावयाचे, रविवार व सोमवार मुंबईत काढावयाचे, आणि सोमवारी रात्री त्याच गाडीने परतावयाचे. मुक्काम गिरगावात मामांकडे. अण्णांनी दोन दिवसांची यादी सुवाच्य अक्षरांत लिहून आणली होती. तिच्यात अकरा ठिकाणे होती. रेल्वेस्थानक, गेटवे ऑफ इंडिया, वस्तुसंग्रहालय, राणीची बाग, हाजी अली, महालक्ष्मी, सिद्धिविनायक, जुहूची चौपाटी, नेहरू तारांगण आणि हुतात्मा चौक एवढी रविवारी उरकून सोमवारी घारापुरीची लेणी पाहावयाची, असा त्यांचा बेत होता.

अण्णांचे वाचन संपताच धाकटी म्हणाली, “अण्णा, सोमवारी घारापुरीची लेणी बंद असतात.”

अण्णांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिले. तिने ही माहिती आधीच शोधून वहीत टिपून ठेवली होती. ताईने यादी हाती घेतली व पेन्सिलीने प्रत्येक ठिकाणापुढे वेळ मांडू लागली. घारापुरीस गेटवेपासून बोटीने जावयास सुमारे एक तास लागतो, यावयास तितकाच. लेण्यांपर्यंत सुमारे एकशेवीस पायऱ्या चढाव्या लागतात. लेणी नीट पाहावयाची तर दोन तास तरी हवेत. म्हणजे त्या एका ठिकाणासच दिवसाचा मोठा भाग जाणार. राहिली दहा ठिकाणे. त्यांतील जुहू एका टोकास, तर गेटवे दुसऱ्या टोकास. “अण्णा,” ती म्हणाली, “या यादीप्रमाणे निघालो, तर निम्मी मुंबई आपण बसच्या खिडकीतूनच पाहू.”

“मग काय काय गाळावयाचे, ते सांगा,” अण्णा किंचित रुष्ट होऊन म्हणाले.

तेव्हा इतका वेळ स्वस्थ बसलेल्या आई बोलल्या. “अहो, यादी तुमची आहे. मुंबई पाहावयाची आहे ती पाच जणांना. प्रत्येकाने आपले एक ठिकाण सांगावे. ते मात्र कोणी गाळावयाचे नाही.”

प्रवासाची आखणी करणाऱ्या पुष्कळ वडीलमाणसांना ही गोष्ट सुचत नाही. लहान मूल बोट धरून नेऊ तिकडे येते. परंतु मुले मोठी झाली म्हणजे प्रत्येकाच्या मनातील शहर निराळे असते. ते विचारून घेतले नाही, तर मुले बरोबर हिंडतात खरी, पण त्यांचे मन बरोबर नसते.

धाकटीने घारापुरी मागितली. ताईने चर्चगेट स्थानकाबाहेर डबेवाल्यांचे काम पाहावयाचे ठरविले. अण्णांनी थोडा विचार करून हुतात्मा चौक सांगितला. आई म्हणाल्या, “माझ्या भावाच्या घरापासून चौपाटी हाकेच्या अंतरावर आहे. लग्नकार्यांना मी किती वेळा गिरगावात गेले! पण प्रत्येक वेळी पोळ्या लाटल्या आणि परत आले. मला एक संध्याकाळ समुद्राच्या काठी नुसते बसावयाचे आहे.” हे ऐकून अण्णा काही वेळ नदीकडे पाहत राहिले.

उरला दादा. त्याने खाली मान घालूनच सांगितले, “मला एक तास हवा. रेल्वेस्थानकासमोर बसून चित्र काढावयास. एकट्याला.”

“एकट्याला?” अण्णा म्हणाले. “मुंबईत? ते काही जमावयाचे नाही.”

दादा दुकानात बसे तेव्हा बिलांच्या कागदांच्या पाठीमागे चित्रे काढी, हे अण्णांना ठाऊक होते. तो छंद बारावीनंतर आपोआप सुटेल आणि मुलगा दुकानाकडे लक्ष देऊ लागेल, अशी त्यांची समजूत होती. दादानेही तिला कधी उघड विरोध केला नव्हता. आता मात्र तो बोलू लागला. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची ती इमारत फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुशिल्पज्ञाने योजिली. तिचे काम १८७८ साली सुरू झाले व पुरे होण्यास दहा वर्षे लागली. तिच्यावरील दगडी मोर, पाने, फुले व प्राण्यांचे मुखवटे यांच्या कोरीवकामात मुंबईच्या चित्रशाळेतील विद्यार्थ्यांचा हात होता. ती चित्रशाळा, म्हणजे सर ज. जी. कलाशाळा, १८५७ साली स्थापन झाली, आणि आजही स्थानकासमोरच आहे. हे सर्व त्याने एका दमात सांगितले आणि तो गप्प झाला.

“चित्र आम्ही सर्व बरोबर असतानाही काढता येईल,” अण्णा म्हणाले.

“चौघे जण वाट पाहत उभे असले की हात चालत नाही,” दादा म्हणाला.

ताईने मध्यस्थी केली. नुसते ‘जाऊ द्या’ न म्हणता तिने अटी मांडल्या. दादाने कोठे बसावयाचे, ते आधी ठरवावे आणि तेथून हलू नये. प्रत्येकाच्या खिशात मामांचा पत्ता व सर्वांचे दूरध्वनी क्रमांक लिहिलेला कागद असावा, कारण मोबाइलची बॅटरी ऐन वेळी संपते. भेटीची वेळ व जागा एकच असावी. आणि कोणास उशीर झाला, तर वाट पाहणाऱ्यांनी अर्धा तास जागा सोडू नये. एक जण दुसऱ्याला शोधावयास निघाला की हरवलेल्यांची संख्या दोन होते.

“बरे,” अण्णा नाइलाजाने म्हणाले, “स्थानकाच्या घड्याळाखाली भेटू.”

“कोणत्या घड्याळाखाली?” धाकटीने विचारले. “दर्शनी भिंतीवर एक आहे. आत फलाटांवर कितीतरी असतील.”

प्रश्न रास्त होता. तेव्हा दादाने वहीत स्थानकाचे प्रवेशद्वार काढून दाखविले. त्याच्या एका खांबावर दगडी सिंह बसला आहे, दुसऱ्यावर वाघ. सिंह इंग्लंडचे प्रतीक, वाघ हिंदुस्थानचे. वाघ एकच असल्यामुळे भेट वाघाखाली ठरली. सोमवारी दुपारी चार ते पाच हा तास दादाचा.

रविवारी सकाळी सर्व मंडळी मुंबईस उतरली. रविवारी रुळांच्या दुरुस्तीसाठी उपनगरी गाड्या काही मार्गांवर काही तास बंद ठेवतात. त्याला मुंबईकर ‘मेगाब्लॉक’ म्हणतात. दादाने आदल्या दिवशीच हे पाहून ठेवले असल्याने त्या दिवशी बसचा मार्ग धरला. मामांकडे सामान टाकून मंडळी गेटवेवर पोहोचली व बोटीत बसली.

घारापुरीच्या पायऱ्यांवर आईंचे गुडघे कुरकुर करू लागले. डोलीची सोय होती, पण त्यांना ती रुचली नाही. त्या दर वीस पायऱ्यांवर थांबत चढल्या आणि धाकटी त्यांच्याबरोबर थांबत राहिली. मुख्य लेण्यात सदाशिवाची ती भव्य त्रिमुखी मूर्ती पाहून ती मात्र आईंचा हात सोडून पुढे धावली. ही लेणी सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची. १९८७ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारसास्थळांच्या यादीत घेतले. ‘एलिफंटा’ हे नाव पोर्तुगिजांनी येथील एका दगडी हत्तीवरून दिले. तो हत्ती आता बेटावर नाही, भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. धाकटीला तो बेटावरच पाहावयाचा होता, त्यामुळे ती परतीच्या बोटीत थोडी फुरंगटून बसली.

त्या संध्याकाळी आई गिरगाव चौपाटीच्या वाळूवर बसल्या. भेळ घेऊ का, असे अण्णांनी दोनदा विचारले. त्यांनी मानेनेच नाही म्हटले. काळोख पडून रस्त्यावरील दिव्यांची माळ लागेपर्यंत त्या उठल्या नाहीत, आणि कोणी त्यांना उठविलेही नाही.

सोमवारी कचेऱ्यांची गर्दी ओसरल्यावर मंडळी चर्नी रोडहून लोकलमध्ये बसली. आई, ताई व धाकटी महिलांच्या डब्यात, अण्णा व दादा दुसऱ्या डब्यात. उतरावयाचे चर्चगेटला, ते शेवटचे स्थानक असल्यामुळे कोणी पुढे जाण्याची भीती नव्हती. हीदेखील ताईचीच योजना.

साडेअकराच्या सुमारास स्थानकाबाहेर पांढऱ्या टोपीचे डबेवाले लांब फळ्यांवर डबे घेऊन उतरले. मुंबईतील हा व्यवसाय १८९० पासूनचा. यातील बहुतेक माणसे मावळ, खेड, जुन्नर अशा पुणे जिल्ह्यातील तालुक्यांतून आलेली. २०२० च्या साथीनंतर त्यांची संख्या बरीच घटली आहे. तरीही डब्यांच्या झाकणांवरील रंगीत खुणा व अक्षरे पाहून ते ज्या झपाट्याने डबे निराळे करीत होते, ते पाहून ताई लिहावयाचे विसरली. चढण्याचे स्थानक, उतरण्याचे स्थानक, इमारत, मजला, सारे त्या इवल्याशा खुणेत. तिने एका वृद्ध डबेवाल्यास काही विचारले. त्यांनी चालता चालताच उत्तर दिले, कारण थांबावयास त्यांना सवड नव्हती.

तेथून ओव्हल मैदान ओलांडून मंडळी निघाली. मैदानाच्या एका बाजूस विद्यापीठाचा राजाबाई मनोरा आणि उच्च न्यायालय या एकोणिसाव्या शतकातील इमारती, तर दुसऱ्या बाजूस विसाव्या शतकातील गोलसर सज्जांची घरे. या दोन्ही रांगांना मिळून २०१८ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली.

हुतात्मा चौकात मशाल धरलेल्या शेतकरी व कामगार यांच्या पुतळ्यापुढे अण्णांनी पायातील वहाणा काढल्या. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी याच परिसरात संयुक्त महाराष्ट्राची मागणी करणाऱ्या जनसमुदायावर गोळीबार झाला होता. पुढे १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण. त्यांची समाधी कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावरच आहे.

“म्हणजे यशवंतराव त्या दिवशी येथे होते का?” धाकटीने विचारले.

“नाही. ते त्या वेळी सरकारात मंत्री होते,” अण्णा म्हणाले. “चळवळीत नव्हते.”

“मग हे लोक एका बाजूला आणि ते दुसऱ्या?”

“होय. आणि शेवटी राज्य दोघांच्याही वाट्यास आले.” यापुढे अण्णा काही बोलले नाहीत. एवढ्या वाहतुकीत ते बराच वेळ तेथे उभे होते.

चार वाजता सामान स्थानकाच्या सामानघरात ठेवून मंडळी बाहेर आली. दादा वही घेऊन रस्त्यापलीकडे गेला, महात्मा फुले मंडईकडे जाताना अण्णांनी तीनदा वळून पाहिले. मंडईत आईंनी सुकामेवा घेतला. पाचास दहा मिनिटे असतानाच अण्णा सर्वांना घेऊन वाघाखाली येऊन उभे राहिले.

पाच वाजले. कचेऱ्या सुटल्या होत्या. माणसांचा लोंढा दारातून आत शिरत होता. पाच वाजून दहा मिनिटे झाली, तरी दादा आला नाही. ताईने फोन लावला; दादाचा फोन बंद होता. दिवसभर छायाचित्रे काढून त्याची बॅटरी संपली असावी.

“मी पलीकडे जाऊन येतो,” अण्णा म्हणाले व एक पाऊल पुढे टाकले.

“अर्धा तास,” ताई हळूच म्हणाली.

अण्णा थांबले. त्यांना घाम फुटला होता. दुकानात हजारोंचा हिशेब करताना न डगमगणारा तो मनुष्य हातातील घड्याळाकडे पुन:पुन्हा पाहत होता. पाच वाजून वीस मिनिटांनी भुयारी मार्गाच्या दिशेने दादा धापा टाकीत आला. त्या भुयाराला अनेक तोंडे आहेत. तो दोनदा चुकीच्या तोंडाने वर निघाला होता.

अण्णा काहीच बोलले नाहीत. त्यांनी फक्त हात पुढे केला. दादाने वही दिली.

चित्रात घुमट होता, कमानी होत्या, खांबावरचा वाघ होता; काही भाग घाईत अर्धवट राहिला होता. वाघाच्या खाली चार लहान आकृत्या होत्या. त्यांतील एक उंच मनुष्य मान वाकवून मनगटाकडे पाहत होता.

“हा मी का?” अण्णांनी विचारले.

“होय. तुम्ही लवकर आलात, ते मला पलीकडून दिसले. म्हणून तुम्हांलाही घेतले. त्यातच उशीर झाला.”

अण्णांनी चित्र दूर धरून पाहिले, मग जवळ घेऊन पाहिले. गाडी सुटावयास अजून बराच अवकाश होता.

“ती चित्रशाळा किती दूर आहे, म्हणालास?”

“पाच मिनिटांवर. पण आता बंद झाली असेल, अण्णा. फाटकापर्यंतच जाता येईल.”

“चल, फाटकापर्यंत जाऊ,” अण्णा म्हणाले.

पाचही जण भुयारी मार्गाच्या पायऱ्या उतरले. खाली पोहोचताच धाकटी सर्वांच्या पुढे झाली आणि प्रत्येक वळणावर पाटी मोठ्याने वाचू लागली.