शिक्षणाची किंमत कोणी मोजावी?

विद्यापीठ चालवायचे म्हणजे पैसा लागतो. प्राध्यापकांचे पगार, प्रयोगशाळा, ग्रंथालय या सर्वांचा खर्च कोणाला तरी करावाच लागतो. तो कोणी करावा? इंग्लंडमध्ये या प्रश्नावर बरीच वर्षे वाद चालू आहे. आपण तो समजून घेऊ या.

पूर्वी इंग्लंडमध्ये बहुतेक विद्यार्थ्यांची फी सरकारी तिजोरीतून भरली जाई. यावर काही लोक विचारत, "जो मजूर विद्यापीठाची पायरीही चढला नाही, त्याच्या कराच्या पैशातून उद्याच्या वकिलाची फी का भरायची?" पुढे विद्यार्थी वाढले, खर्चही वाढला. १९९८ साली वर्षाला १,००० पौंडांपर्यंत फी सुरू झाली. २००६ साली ही मर्यादा ३,००० पौंड आणि २०१२ साली ९,००० पौंड झाली.

मात्र २००६ पासून ही फी प्रवेशाच्या वेळीच भरावी लागत नाही. सरकार कर्ज देते. नोकरी लागून पगार ठरावीक मर्यादेच्या वर गेला, की त्यातून हप्ता कापला जातो. ऑस्ट्रेलियात अशी पद्धत १९८९ पासूनच आहे.

काहींना ही पद्धतही अन्यायाची वाटते. ते म्हणतात, "कर्ज नको, पदवीधर-कर घ्या." म्हणजे शिकताना कोणी काही देऊ नये, पुढे प्रत्येक पदवीधराने आपल्या कमाईचा ठरावीक हिस्सा द्यावा.

एक उदाहरण पाहा. तीन मैत्रिणी पदवीधर झाल्या. तिघींची तीन वर्षांची फी प्रत्येकी २७,००० पौंड. पहिलीच्या श्रीमंत वडिलांनी ती रोख भरली. तिच्यावर कर्जच नाही. दुसरीने कर्ज घेतले. बँकेत मोठा पगार मिळाल्याने ते लवकर फेडले. तिसरीनेही कर्ज घेतले आणि ती शिक्षिका झाली. तिच्या पगारातून मात्र कित्येक वर्षे हप्ता जात राहतो.

आता समजा, ३ टक्के पदवीधर-कर आहे. वर्षाला ८०,००० पौंड मिळवणारी २,४०० पौंड देईल. ३०,००० पौंड मिळवणारी शिक्षिका ९०० पौंड देईल. पहिलीचीही सुटका नाही, कारण येथे वडिलांची श्रीमंती नव्हे, तर स्वतःची कमाई मोजली जाते. शिवाय गरीब घरात कर्ज या शब्दाचीच धास्ती असते. त्या भीतीने हुशार मुलगी घरी बसली, तर नुकसान साऱ्या समाजाचे होते.

पण नाण्याला दुसरी बाजूही आहे. कर्ज फिटले की माणूस मोकळा होतो. कर मात्र चालूच राहतो. जास्त कमावणारा आपल्या शिक्षणाच्या खर्चाहूनही जास्त पैसे देऊन बसतो. परदेशी गेलेल्या पदवीधराकडून कर वसूल करणे अवघड. आणि विद्यापीठाला पैसा आज हवा असतो. कर तर काही वर्षांनी येणार. २०१० साली मंत्री व्हिन्स केबल यांनी या कराचा विचार मांडला होता, परंतु त्याच वर्षी लॉर्ड ब्राऊन यांच्या समितीने तो नाकारला.

मग न्याय कशात आहे? फी सर्वांना सारखी असते. पण सारखे ओझे सर्वांना सारखे जड नसते. म्हणून कमाईप्रमाणे घेतलेला कर अधिक न्यायाचा वाटतो. मात्र त्याला वर्षांची मर्यादा हवी आणि अगदी थोडे कमावणाऱ्यांना सूट हवी. तुम्हांला काय वाटते? विचार करा आणि वर्गात निर्भयपणे आपले मत मांडा.

स्वाध्याय

१. पदवीधर-कर म्हणजे काय?
२. पहिल्या मैत्रिणीवर कर्ज का नव्हते?
३. पदवीधर-कराविरुद्ध कोणती कारणे दिली आहेत?
४. 'सारखे ओझे सर्वांना सारखे जड नसते' हे तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.