पाहुणे, पिंपं आणि मे महिना

ज्यांची मुलं नोकरीपायी बेंगळुरूत स्थिरावली आहेत आणि जे निवृत्तीनंतर सातारा, नाशिक, नागपूरचं घर आवरून इकडे तळ्याकाठी फ्लॅट घ्यायच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आम्ही तेच केलं आणि त्याचा आनंदही आहे. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत माणसांनी भरलेल्या तळ्याकाठच्या घरात काय जपावं लागतं, हे आधी कुणी सांगितलं असतं तर आमच्या थोरल्या दिरांवर बेतलेलं टळलं असतं.

आम्ही राहतो त्या मारतहळ्ळीच्या आजूबाजूला तळी पुष्कळ. मुन्नेकोळाल, कुंदलहळ्ळी, दोड्डनेकुंदी, विभूतिपुरा, आणि जरा पलीकडे बेळ्ळंदूर आणि वर्तूर. एके काळी ही शेतीसाठी बांधलेली. एक तळं भरलं की त्याचं पाणी कालव्यातून खालच्या तळ्यात जायचं. त्या कालव्यांना इथे राजकालुवे म्हणतात. शहर वाढलं, शेती गेली आणि याच कालव्यांतून सांडपाणी वाहू लागलं. बेळ्ळंदूरच्या तळ्यावर 2015 मध्ये साबणाच्या फेसाचे डोंगर उठले होते आणि जानेवारी 2018 मध्ये तिथल्या गवताला लागलेली आग विझवायला लष्कराचे जवान आले होते. तेव्हा तळ्यासमोरचं घर बघायला डिसेंबरात येऊ नका. डिसेंबरात सगळंच सुंदर असतं. एप्रिलच्या अखेरीस या, संध्याकाळी सहा-साडेसहाला गॅलरीत उभे राहा, वास घ्या, मग ठरवा. आणि इमारतीला पाणी कुठून येतं हे दलालाला विचारू नका, वॉचमनला विचारा.

आमच्या इमारतीला पाणी बोअरचं. 2023 चा पाऊस कमी झाला आणि 2024 च्या फेब्रुवारीपासून बोअर एकेक करून आटू लागल्या. मार्चमध्ये पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावर आणि बागेला पाणी घालण्यावर बंदी घातली, दंड पाच हजार रुपये. टँकरवाल्यांच्या मनमानीला लगाम म्हणून जिल्हा प्रशासनाने दर बांधून दिले: पाच किलोमीटरच्या आत बारा हजार लिटरला हजार रुपये. एप्रिलभर शहरात पाऊस नाही आणि महिनाअखेरीला पारा साडेअडतीसच्या घरात. नेमक्या त्याच दिवसांत सांगलीहून थोरले भाऊजी आणि जाऊबाई आल्या, पुण्याहून लेक मुलांना घेऊन आली. नको येऊ म्हणायचं कुणाच्या जिभेवर येतं? वर्षभर ज्यांची वाट पाहायची त्यांनाच सुट्टी मे महिन्यात असते. कुणी देवगडची पेटी आणली होती, इथला रसपुरी आंबा बाजारात आलेला होता, दुपारी आमरस आणि संध्याकाळी तळ्याच्या काठाकाठाने फेरी. मुलांना जांभळी पाणकोंबडी आणि पाणकावळा ओळखता येऊ लागले होते.

आता पाण्याचा हिशेब. शहरात माणशी दिवसाला 135 लिटर पाणी धरायचं असा सरकारी ठोकताळा आहे. घरात आठ माणसं झाली की हजार लिटरच्या वर गेलं. टँकर येईल तेव्हा येईल, म्हणून आम्ही गॅलरीत निळी पिंपं भरून ठेवली. बाथरूममध्ये बादल्या, स्वयंपाकघराच्या ओट्याखाली घागरी. प्रत्येक घरात हेच चाललं होतं, आणि ते चूक नव्हतं. पाणी साठवल्याशिवाय त्या उन्हाळ्यात कुणाचा निभाव लागला नसता. प्रश्न होता तो साठवलेलं पाणी किती दिवस तसंच राहतं हा.

तळ्याकाठी राहणारा माणूस डासांचा दोष तळ्याला देतो. आम्हीही देत होतो. संध्याकाळ झाली की तळ्याकडच्या खिडक्या बंद, मुलांना ओडोमॉस, सोसायटीची धूर फवारणी तळ्याच्या बाजूच्या भिंतीलगत. पण तळ्यातल्या घाण पाण्यात वाढतो तो क्युलेक्स. तो रात्री चावतो, कानाशी गुणगुणतो, त्रास देतो. डेंग्यू मात्र तो देत नाही. डेंग्यूचा डास एडिस. त्याला घाण पाणी नको असतं, स्वच्छ साठवलेलं पाणी लागतं. तो दिवसा चावतो, बहुतेक वेळा घोट्याला आणि पोटरीला, आणि जिथे जन्मला तिथून शे-दोनशे मीटरच्या पलीकडे फारसा जात नाही. म्हणजे एडिस चावला तर तो तुमच्याच घरातला, नाहीतर शेजारच्या. तळ्यावरून आलेला नव्हे.

आमच्या घरातली सगळ्यात गार जागा म्हणजे तीच गॅलरी. तळ्यावरचा वारा तिथे येतो. म्हणून दुपारचं जेवण झालं की पत्त्यांचा डाव तिथे, भाऊजींची आरामखुर्ची तिथे, मुलांचा कॅरम तिथे. आणि पिंपंही तिथेच. संध्याकाळी जे ओडोमॉस लावत होतो ते दुपारी कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

मे महिन्याच्या शेवटी भाऊजींना ताप भरला. अंग ठणकत होतं, डोळ्यांच्या मागे दुखत होतं. प्रवासाचा शीण असेल, आंबे जास्त झाले असतील, अशी चर्चा झाली आणि औषधांच्या डब्यातली अंगदुखीची गोळी दिली गेली. दोन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झालेली, रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू. तिसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो गोळ्यांचा, आणि कोणतं औषध किती मिलिग्रॅम ते आमच्यापैकी कुणालाच सांगता येईना. पाकिटं सांगलीला राहिली होती. इथे जाऊबाईंनी आठवड्याच्या खणांच्या डबीत काढून आणलेल्या सुट्या गोळ्या होत्या. सांगलीतल्या त्यांच्या डॉक्टरांना फोन लागेपर्यंत अर्धा दिवस गेला. डेंग्यूची एनएसवन चाचणी पॉझिटिव्ह आली. त्यांना भरती करावं लागलं.

इथे थोडं थांबून सांगते, कारण हेच सगळ्यात उपयोगाचं आहे. डेंग्यूच्या दिवसांत तापाला फक्त पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन यांतलं काहीही घरच्या डब्यातून काढून द्यायचं नाही, कारण त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. बाजारातल्या कित्येक अंगदुखीच्या गोळ्यांत पॅरासिटामॉलच्या जोडीला यांपैकी एखादं असतं, पाकिटामागची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय कळत नाही. ज्यांना हृदयासाठी ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल रोज चालू आहे त्यांनी ताप आला त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं. स्वतःहून गोळी बंद करायची नाही, कारण स्टेंट बसवलेल्या माणसाला तेही महागात पडतं. आणि विचारल्याशिवाय चालूही ठेवायची नाही. तो निर्णय डॉक्टरांचा.

दुसरी गोष्ट. ताप उतरला तेव्हा आम्हाला हायसं वाटलं, जाऊबाईंनी देवापुढे साखर ठेवली. डॉक्टर म्हणाले, आता जास्त लक्ष द्या. डेंग्यूत खरी काळजीची वेळ ताप उतरल्यानंतरचे चोवीस ते अठ्ठेचाळीस तास असते. पोटात सारखं दुखणं, उलट्या न थांबणं, लघवी कमी होणं, हातपाय गार पडणं, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त, एकाएकी फार गळून जाणं, यांतलं एकही दिसलं तर घरी बसायचं नाही. प्लेटलेटच्या आकड्यावरून नातेवाइकांचे फोन येत राहतात, कुणी पपईच्या पानांचा रस पाठवतं. आकडा बघावा, पण नुसत्या आकड्यामागे धावू नये. डॉक्टर रक्तदाब बघत होते, हेमॅटोक्रिट, म्हणजे रक्त किती दाट झालंय ते, बघत होते, लघवी किती झाली ते विचारत होते. सुटका केली ती वेळेवर मिळालेल्या सलाइनने आणि चोवीस तासांच्या देखरेखीने.

भाऊजी बरे झाले. ते दवाखान्यात असतानाच आरोग्य विभागाच्या दोन बायका आमच्या मजल्यावर आल्या. एकीने पिंपावरचं झाकण बाजूला केलं, मोबाइलचा टॉर्च पाण्यावर धरला आणि मला जवळ बोलावलं. वरून पाणी आरशासारखं. उजेड पडताच पृष्ठभागाशी लटकलेल्या बारीक अळ्या वळवळत एकदम तळाकडे निघाल्या, जणू पाण्यात कुणी केसांचे तुकडे टाकून ढवळलं असावं. झाकण होतं, पण एका बाजूने तडकलेलं. दुसऱ्या पिंपावर ताट उपडं ठेवलं होतं आणि मध्ये बोटभर फट. मग तिने फ्रिज पुढे ओढायला सांगितला. मागच्या ट्रेमध्ये पाणी, त्यातही अळ्या. कुंड्यांखालच्या ताटल्या, मनीप्लांटची बाटली, आणि पक्ष्यांसाठी गॅलरीच्या कठड्यावर ठेवलेलं मातीचं परळ. उन्हात तडफडणाऱ्या चिमण्यांसाठी नातीने मायेने ठेवलेलं ते परळ रोज फक्त वरून भरलं जात होतं, रिकामं कधीच होत नव्हतं.

अंड्यापासून डास व्हायला उन्हाळ्यात साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायचा, तो पाळला की साखळी तुटते. नुसतं पाणी ओतून भागत नाही. एडिसची अंडी पिंपाच्या आतल्या भिंतीला पाण्याच्या रेषेजवळ चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. आतून काथ्याने किंवा कडक ब्रशने घासायचं, धुवायचं, उन्हात उपडं ठेवायचं, मग भरायचं. टंचाईत ते पाणी फेकवत नाही हे मला माहीत आहे. फेकू नका, जुन्या सुती साडीच्या चौपदरी फडक्यातून गाळून संडासात, फरशीला, कपड्यांच्या पहिल्या भिजवणीला वापरा. झाकण घट्ट नसेल तर तेच फडकं पिंपाच्या तोंडावर ताणून सुतळीने करकचून बांधा. आणि पिंपं माणसं बसतात तिथे ठेवू नका. आमची आता धुण्याच्या जागेत असतात, दाराला जाळी आहे. सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीचं झाकणही बघून घ्या, कमिटीच्या बैठकीत विषय काढा, वाईटपणा आला तरी काढा. आपल्या गावाकडे टाक्यांत गप्पी मासे सोडतात, तो उपाय वापराच्या पाण्याच्या उघड्या हौदांना इथेही चालतो.

ऑक्टोबर 2024 मध्ये कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला आणि शहराच्या कडेच्या 110 गावांना नळाचं पाणी द्यायला सुरुवात झाली. त्याने बराच फरक पडेल. तरी नळ आला म्हणून पिंपं जात नाहीत. पाणी एक दिवसाआड येऊ लागलं की ती पुन्हा भरली जातात.

पाहुण्यांना बोलवायचं सोडू नका, माझी विनंती आहे. घर त्यासाठीच घेतलंय. फक्त सगळ्यांना एकाच आठवड्यात बोलवू नका. नातवंडं मे महिन्यात, वडीलधारी दिवाळीनंतर किंवा संक्रांतीला, तेव्हा तळं भरलेलं असतं आणि हवाही मानवते. शॉवर बंद ठेवा, बादलीने आंघोळ सांगा. पाहुणे रागावत नाहीत, आधी सांगितलं की तेही हौसेने मदत करतात. दुपारी मुलांना पायघोळ कपडे घाला. तळ्याच्या कुंपणाआत मोठ्या माणसाशिवाय कुणी जायचं नाही, चेंडू गेला तर गेला. साठीच्या पुढचा जो कुणी येणार असेल त्याच्या सगळ्या औषधांच्या पाकिटांचा आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो निघण्याआधी मागवून घ्या, आपल्या फोनमध्ये ठेवा आणि एक प्रत कागदावर काढून फ्रिजला लावा.

आणि पाहुणे परत गेल्यावरही पंधरा दिवस फोन करत राहा. डास चावल्यापासून ताप यायला चार ते दहा दिवस लागतात, म्हणजे इथे चावलेला डास सांगलीत किंवा पुण्यात ताप दाखवू शकतो. तिथल्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगायला लावा, की आम्ही बेंगळुरूला जाऊन आलो आहोत आणि तिथे घरात पाणी साठवलेलं होतं.