आधी पाणी गेलं, की आधी गाडी तापली?

ताई सांगत होती, पसरणी घाटात काटा लालला टेकला म्हणून तू आप्पांची मारुती आठशे कडेला घेतलीस, प्यायच्या बाटलीतलं पाणी ओतलंस आणि तशीच पाचगणीपर्यंत नेलीस. तेव्हापासून डिकीत पाण्याचा कॅन घेऊन हिंडतोस आणि कुणी विचारलं की म्हणतोस, जुनी गाडी आहे, पाणी पिते. भाच्या, वय झालं म्हणून कुठलीच गाडी पाणी पीत नाही. रेडिएटर, इंजिन आणि मधले पाईप मिळून सगळी बंद व्यवस्था असते. आठशेमध्ये जेमतेम तीन-चार लिटर पाणी मावतं आणि सगळं धड असेल तर महिनोन् महिने त्यात वरून घालावं लागत नाही. कमी होतंय म्हणजे कुठून तरी जातंय. कॅन राहू दे डिकीत, पण तो इलाज समजू नकोस.

गॅरेजला जाण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर तुझ्याकडे तयार पाहिजे. आधी पाणी कमी झालं आणि म्हणून गाडी तापली, की आधी तापली आणि मग पाणी उकळून बाहेर गेलं? शेवटी दिसायला दोन्ही सारखंच, वाफ आणि रिकामा रेडिएटर. पण पहिल्यात गळती शोधायची असते आणि दुसऱ्यात पंखा, थर्मोस्टॅट, तुंबलेला रेडिएटर बघायचा असतो. नुसतं ‘तापते’ म्हणालास तर मेस्त्री आधी तोच भाग बदलेल, जो त्याच्या फळीवर पडून आहे. मी इतकी वर्षं हाच धंदा केलाय, म्हणून सांगतो.

उत्तर काढायला आठवडाभर रोज सकाळी, गाडी पूर्ण थंड असताना, रेडिएटरची टोपी उघडून पातळी बघायची. काटा वर न चढताच पाणी थोडं थोडं उतरत असेल तर गळती. पातळी गळ्यापर्यंत जशीच्या तशी आणि तरीही गाडी तापते, तर ती कधी तापते ते बघ. सिग्नलला, टोलच्या रांगेत तापते आणि पळायला लागली की काटा उतरतो, तर पंख्यावर संशय घे. गावात शहाण्यासारखी वागते पण घाटात आणि हायवेला चढते, तर रेडिएटर तुंबलाय, आतून क्षाराने नाहीतर बाहेरून चिखल आणि किड्यांनी. खालचा होज पिचका झाला असेल तर तोही पंपाच्या ओढीने चपटा होऊन पाणी अडवतो. सकाळी सुरू केल्यावर पाचेक मिनिटांतच काटा वर गेला तर थर्मोस्टॅट बंदच अडकलाय किंवा आत हवा कोंडली आहे. आणि तेही नसेल तर गॅस्केट, त्याच्याकडे येतोच.

पंख्याचं एक सांगतो. आमच्या वेळच्या पद्मिनीचा पंखा बेल्टवर फिरायचा. इंजिन मंद झालं की पंखाही मंद. एक्स्प्रेसवे व्हायच्या आधी मे महिन्यात खंडाळ्याच्या घाटात बोनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या दिसायच्या, त्यात हेही एक कारण होतं. आठशेचा पंखा विजेवर चालतो आणि पाणी ठरावीक तापलं की थर्मो स्विच त्याला चालू करतो. गाडी उभी ठेवून चालू दे. काटा मध्याच्या पुढे सरकला तरी पंखा गप्प असेल तर आधी फ्यूज बघ. तो ठीक असेल तर स्विचचा प्लग काढून दोन वायरींची टोकं जोड. पंखा फिरला म्हणजे स्विच गेलाय, नाही फिरला तर रिले, वायर नाहीतर मोटर. पुष्कळ ठिकाणी पंखा ‘डायरेक्ट’ करून डॅशबोर्डला एक बटण लावून देतात. घरी पोचण्यापुरतं चालेल. पण बटण दाबायचं लक्षात ठेवणं हे तुझं काम होऊन बसतं आणि गाडी बहिणीने नेली की तिला ते माहीतच नसतं.

आता टोपी. सगळ्यात स्वस्त भाग हाच आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षही यालाच. समुद्रकाठी साधं पाणी 100 अंशांना उकळतं, महाबळेश्वरच्या उंचीवर 95-96 लाच. इंजिन मात्र 90 च्या घरात आरामात चालतं आणि घाटात त्याच्याही वर जातं. मग पाणी उकळत का नाही? टोपी ते दाबून धरते म्हणून, कुकरच्या शिट्टीसारखं. बहुतेक टोप्यांवर 0.9 किंवा 1.1 असा आकडा असतो, तो हाच दाब. 0.9 ची टोपी धड असेल तर साधं पाणीसुद्धा 118 अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. टोपीचं रबर चिरलं किंवा स्प्रिंग ढिली पडली की दाब टिकत नाही. मग बाकी सगळं ठीक असूनही पाणी उकळतं आणि रेडिएटरच्या बाजूच्या बाटलीतून बाहेर सांडतं. टोपी नवी घेताना आकडा जुन्यावरचाच घे. जास्त आकड्याची घातली तर गाडी जास्त थंड राहते हा गैरसमज आहे, जुने होज आणि हीटरचे सांधे तेवढे फाटतात.

त्याच टोपीत मधोमध एक छोटा व्हॉल्व्ह असतो. पाणी तापून फुगलं की टोपी जादा पाणी बाजूच्या बाटलीत सोडते. गाडी थंड झाली की हा छोटा व्हॉल्व्ह उघडून तेच पाणी परत आत ओढतो. तो अडकला, किंवा बाटलीकडे जाणारी बारीक नळी चिरली, की पाणी जातं पण परत येत नाही. म्हणून नुसती बाटली बघून समाधान मानू नकोस. बाटली फुलच्या खुणेपर्यंत भरलेली आणि रेडिएटर मात्र अर्धा रिकामा, अशा गाड्या माझ्याकडे नेहमी यायच्या. मालक शपथेवर सांगायचा की पाणी रोज तपासतो. खरंच तपासायचा, फक्त बाटलीतलं. थंड झाल्यावर वरचा होज आत खेचल्यासारखा चपटा दिसला तर तोही याच व्हॉल्व्हचा प्रताप.

गळती शोधायला रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेव. डाग रेडिएटरखाली आहे, मधे आहे की पंपाच्या बाजूला, यावरून निम्मं काम होतं. एसीचं पाणी नितळ असतं, बोट लावलं तर कळतं. कूलंट बोटाला किंचित चिकट लागतं आणि सुकलं की हिरवट नाहीतर पांढरी खपली धरतं. ती खपली हीच खरी खूण, कारण बारीक गळतीचं पाणी गरम इंजिनवर वाळून जातं आणि खाली थेंबही पडत नाही. होजच्या क्लिपाभोवती, रेडिएटरच्या टाकीच्या जोडावर, थर्मोस्टॅटच्या डोमखाली टॉर्च मारून बघ. वॉटर पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं. ते गळायला लागलं तर भोक बुजवायचं नाही. आतलं सील गेलंय हे कळावं म्हणूनच ते ठेवलेलं असतं. तिथून थेंब यायला लागले की पंप बदल, बेअरिंग आवाज करेपर्यंत थांबू नकोस. आणि शेजारच्या सीटखालचा गालिचा ओला, काचेवर आतून तेलकट वाफ, गाडीत गोडसर वास, असं असेल तर हीटरची जाळी फुटली आहे. पावसाळ्यात लोक त्याला छत गळतंय समजतात.

बाहेर कुठेच काही सापडत नाही आणि पाणी मात्र जातंच आहे, तेव्हा हेड गॅस्केटचा विचार करायचा. इथे घाई नको. सकाळी थंड गाडीत रेडिएटर काठोकाठ भर, टोपी उघडी ठेव, गाडी सुरू कर आणि तोंड जरा लांब ठेवून पाण्याकडे बघत राहा. सुरुवातीला एक-दोन बुडबुडे येतील, ते आत अडकलेल्या हवेचे. पण बुडबुडे थांबतच नाहीत आणि अ‍ॅक्सिलरेटर दिला की पाणी उसळून बाहेर येतं, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय. मग टोपी लावून दुसऱ्या दिवशी परत थंड गाडी सुरू कर आणि मिनिटभरात वरचा होज दाबून बघ. पाणी अजून कोमटही नाही आणि होज दगडासारखा टणक झालाय, तर शंका उरली नाही. तिन्ही स्पार्क प्लग काढून शेजारी ठेव. दोन तपकिरी आणि एक धुतल्यासारखा स्वच्छ निघाला तर त्याच सिलिंडरमध्ये पाणी उतरतंय. ऑइलच्या झाकणाखाली दह्यासारखं पिवळट काही दिसलं तर मात्र लगेच घाबरू नकोस. पावसाळ्यात दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत नुसत्या दमटपणानेही ते जमतं. डिपस्टिकवरचं ऑइलच दुधाळ झालं असेल तर गाडी जागची हलवायची नाही.

काट्यावर आंधळा विश्वास टाकू नकोस हेही सांगायला हवं. काट्याला खबर देणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असावा लागतो. पाणीच संपलं की तो कोरडा पडतो आणि काटा खाली येतो. घाटात वर गेलेला काटा एकदम खाली आला, तर चढ संपला नसताना गाडी थंड कशी झाली हे स्वतःला विचार आणि ताबडतोब बाजूला घे. अशा वेळी खूश होऊन पुढे गेलेल्यांची हेडं मी फेसिंगला पाठवलेली आहेत.

काटा चढायला लागला की एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात. मे महिन्यात जीव नकोसा होतो, पण इंजिनची बरीच उष्णता हीटरच्या जाळीतून निघून जाते. खालच्या गिअरला ये आणि इंजिन रेटू नकोस. तरी काटा उतरला नाही तर सुरक्षित जागा बघून बंद कर, बोनेट उघड आणि अर्धा-पाऊण तास झाडाखाली बस. गरम टोपीला हात लावायचा नाही. फडकं धरून अर्धीच फिरवतो म्हणणाऱ्यांचे हात मी भाजलेले पाहिलेत. होज हाताने आरामात दाबता आला की मगच टोपी. आणि तापलेल्या इंजिनमध्ये गार पाणी भसकन ओतू नकोस. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, वाकतं, चिरतंही. पंख्याच्या पात्यांजवळ बोटं नेऊ नकोस, काही गाड्यांत किल्ली काढल्यावरही पंखा आपोआप सुरू होतो.

रस्त्यावरचे वैद्य तुला दोन औषधं सांगतील. पहिलं, थर्मोस्टॅट काढून टाका, आपल्याकडे थंडी कुठे आहे? थर्मोस्टॅट थंडीसाठी नसतोच. इंजिन लवकर योग्य तापमानाला यावं आणि तिथेच राहावं म्हणून तो असतो. काढला की गाडी थंड चालते, पेट्रोल जास्त खाते आणि सिलिंडर झिजतात. शंका असेल तर काढून पातेल्यात गरम पाण्यात सोड. त्यावर 82 किंवा 88 असा आकडा कोरलेला असतो, पाणी त्याच्या पुढे गेलं की तो उघडायला लागला पाहिजे. पातेलं मात्र परत स्वयंपाकघरात नेऊ नकोस. दुसरं औषध हळदीचं. रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकली की बारीक गळती बंद होते, हे खरं आहे, ड्रायव्हर लोकांनी तिच्यावर मुक्काम गाठलेले आहेत. पण हळदीला गळतीचं भोक आणि रेडिएटरची बारीक नळी यातला फरक कळत नाही. रानात अडकलास तर टाक, गावात आल्यावर सगळं धुऊन काढ.

बोअरचं पाणी बंद कर. आपल्या भागातल्या बोअरचं पाणी बादलीला पांढरे थर देतं, तेच रेडिएटरच्या नळ्यांत बसतं. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं निम्मं घाल. कूलंट फक्त थंड प्रदेशासाठी असतं असं नाही, ते गंज अडवतं आणि उकळबिंदूही वर नेतं. हिरव्यात लाल मिसळू नकोस. आधीचं कुठलं आहे माहीत नसेल तर सगळं काढून धुऊन नवीन भर. काढलेलं पाणी अंगणात ओतायचं नाही, ते चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

समजा गॅस्केटच निघालं, तर नुसतं नवीन गॅस्केट टाकून गाडी परत घेऊ नकोस. हेड लेथवाल्याकडे जाऊ दे, पट्टी लावून सपाट आहे का बघू दे, गरज असेल तर फेसिंग करून घे. बोल्ट मधल्यापासून बाहेरच्या बाजूला, टॉर्क रेंचने, टप्प्याटप्प्याने आवळले पाहिजेत. अंदाजाने पान्हा मारणारा असेल तर दुसरा मेस्त्री शोध. खर्च बराच येईल आणि ताई म्हणेल, त्यापेक्षा गाडी विका. माझं मत विचारशील तर बॉडी गंजलेली नसेल तर खर्च कर. आठशेचे भाग अजून मिळतात.

भरताना हीटर गरमवर ठेव, पुढचं चाक जरा उंचावर घे, टोपी उघडी ठेवून सावकाश ओत आणि वरचा होज मधूनमधून दाबत राहा, हवा निघेल. पंखा एकदा सुरू होऊन बंद झाला की टोपी लाव. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडीत परत उघडून बघ, पातळी थोडी उतरलेली असेल, तेवढं घाल. तिसऱ्या दिवशीही उतरली तर मला फोन कर, आणि फोन करताना गाडी आधी तापली होती की पाणी आधी गेलं होतं, हे बघून ठेव.